नाळि बर्रि

बूट घेऊन दीड वर्ष झालं.
खडेबाजारातून, जांभळ्या नाडीचे.
खोक्यासकट मशीनखाली सरकवले
आणि वर फॉलची बंडलं साठत गेली.

'उद्यापासून' हा शब्द मी इतका वापरला
की तो खांद्यात उसवला.
लग्नसराईची ब्लाऊजं उरकू देत,
थंडी सरू दे,
पोराची परीक्षा होऊ दे.
डॉक्टरनं चिठ्ठीच्या मागं
दोन पावलं काढून दिली होती, लहान मुलाला देतात तशी.
ती चिठ्ठी मी पेपरकटिंगात टाकली
आणि कुणाच्या तरी बाहीचा आकार त्यातून कापला.

दिवसभर शहापूरच्या बायकांची मापं घेते.
टेप गळ्यातच असतो.
स्वतःच्या कमरेभोवती फिरवला नाही कधी.
भ्यायले होते, दुसरं काय.

ज्या दिवशी निघाले, त्या दिवशीही काही ठरलेलं नव्हतं.
लाईट गेली, पंखा थांबला, झोप मोडली.
नवरा कुशीवर वळून म्हणाला,
"काय करूलालीस ग एवढ्या पहाटे?"
उत्तर नव्हतं, म्हणून बूट घातले.

दुसऱ्या गेटाला फाटक पडलेलं.
मालगाडी.
बरं झालं म्हटलं, परतायला निमित्त आलं चालून.
तर शेजारी एक बाई,
अंगात इरकल, पायात जावयाचे कॅनव्हास,
बोट नाचवत डबे मोजत होती मोठ्यानं:
ओंदु, एरडु, मूरु...
मीही मोजू लागले, माझ्या भाषेत, मनातल्या मनात.
शेवटचा डबा गेला.
तिचे झाले बेचाळीस, बोटांनी दाखवले तिनं.
माझे एक्केचाळीस.

आता सांगा, असं कसं सोडायचं?
फाटक उघडलं, तरी आम्ही भांडतोय,
तिला मराठी येत नाही, मला कानडी दुकानापुरती,
भांडत भांडत व्हॅक्सिन डेपोत शिरलो
आणि झाडांखालून अख्खा एक फेरा झाला
तेव्हा कळलं की आपण चाललोय.

नाव कल्लव्वा. बैलहोंगलची. लेकीकडे आलेली.
मी काय करते, विचारलं तिनं.
हातानं मशीन चालवून दाखवत म्हटलं, होळिगे.
तिचे डोळे चमकले. किती करता? तूप लावून?
दोन फेरे गेले
शिवण म्हणजे होलिगे
आणि पुरणपोळी म्हणजे होळिगे
हे निस्तरण्यात.
हसून माझ्या बरगड्या दुखल्या.
पिंढऱ्यांचं दुखणं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गेटापाशी ती म्हणाली, "नाळि बर्रि."
नाळि म्हणजे उद्या.
माझाच तो जुना, उसवलेला शब्द,
पण तिच्या तोंडून आला तर
त्याला ठरलेली वेळ होती, साडेपाच,
आणि पलीकडे कुणीतरी उभं असणार होतं
थंडीत, डोक्यावरून पदर घेऊन.

साखर उतरली का? थोडी.
वजन तेवढंच आहे, खोटं कशाला बोलू.
काही पहाटे अजून उशीला चिकटते,
बूट नाही, डोकं जड होतं,
मग आठवतं, तिला कालचा 'लिंबू' शब्द
सांगायचा राहिलाय,
आणि पाय आपोआप खाली येतात.

या महिन्यात ती गावी गेलीय, ज्वारी काढायला.
पहिल्या दिवशी वाटलं, झालं,
बूट परत खोक्यात.
साडेपाचला तरीही गेटावर होते.
फाटक पडलेलं, मालगाडी.
इप्पत्तुपर्यंत कानडीत मोजले,
पुढचे आकडे येत नाहीत, म्हणून
एकवीसपासून मराठीत.
बेचाळीस.

कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं सांगायला.
डेपोत शिरले.
तीन फेरे, जरा जोरात,
ती आली की कबूल करावं लागणार.